पाचापैकी तीन

मी घरी कधी खोटं लिहिलं नाही. ही गोष्ट मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो, आणि ती शब्दशः खरीही आहे. रशियातून पाठवलेल्या पहिल्या निकालाच्या पत्रात मी लिहिलं होतं, "परीक्षा झाली. पाचापैकी तीन मिळाले." त्यात खोटं काही नव्हतं. तिथं पाच म्हणजे उत्तम, चार म्हणजे चांगलं, तीन म्हणजे कसाबसा पास आणि दोन म्हणजे नापास, एवढं मात्र मी लिहिलं नाही.

बाबा ते पत्र घेऊन सरांकडे गेले. सर म्हणजे आमच्या वडनेरच्या शाळेचे मुख्याध्यापक. गणित तेच शिकवायचे. दंतवैद्यकाच्या शिष्यवृत्तीची जाहिरात त्यांनीच पेपरात पाहिली, फॉर्म त्यांनीच माझ्याकडून भरून घेतला, आणि मुलाखतीला नागपूरला नेताना दोघांचा डबाही त्यांच्याच घरून आला होता. आमच्या घरात मॅट्रिकच्या पुढे कोणी गेलेलं नव्हतं. बाबा चौथी शिकलेले, कापूस आणि तूर पिकवणारे. माझ्या शिक्षणातलं जे काही त्यांना कळायचं नाही ते सरांना कळतं, एवढा त्यांचा विश्वास होता.

दीड महिन्यानं बाबांचं उत्तर आलं. मोठ्या, सुट्या अक्षरांत लिहिलं होतं: "सरांनी हिशेब केला. पाचात तीन म्हणजे शंभरात साठ. साठ म्हणजे फर्स्ट क्लास. सरांनी शाळेत सगळ्या पोरांसमोर सांगितलं. आईनं पेढे वाटले. तब्येतीला जपणे."

ते पत्र मी वसतिगृहाच्या जिन्यात उभा राहून वाचलं. त्याच आठवड्यात उत्तर लिहिलं. उत्तरात मी बर्फाबद्दल लिहिलं.

तिथली परीक्षा तोंडी असायची. टेबलावर प्रश्नांच्या चिठ्ठ्या पालथ्या घालून ठेवलेल्या असत. एक उचलायची, वीस मिनिटं विचार करायचा आणि मग परीक्षक बाईंसमोर बसून बोलायचं. मी गावात पाठांतरावर पुढे आलेला मुलगा. उत्तर डोक्यात असायचं, पण मराठीत असायचं, आणि तोंडात यायला निघालं की वाटेतच कुठंतरी थांबायचं. आमच्या शरीरशास्त्राच्या म्हाताऱ्या बाई थोडा वेळ वाट पाहत, मग खिडकीबाहेर बघत आणि माझ्या गुणांच्या पुस्तिकेत तीन लिहीत. मला वाटतं, त्या मला जाऊ देत होत्या.

भाषेचं कारण दोन वर्षं खरं होतं. तिसऱ्या वर्षापासून मी बाजारात भांडू शकेन इतकी भाषा मला येत होती. पण तोवर मला तीनची सवय झाली होती. तीन मिळाले की घरी 'पाचापैकी तीन' लिहायचं आणि तिकडं साठ टक्के व्हायचे. इतक्या सहज फर्स्ट क्लास मिळत असताना चारसाठी जीव कोण काढणार? हे तेव्हा मी असं शब्दांत म्हटलं नसतं. आज म्हणतो.

परत आलो तेव्हा सत्तरचं दशक संपत आलं होतं. शाळेच्या व्हरांड्यात काळा लाकडी फलक होता, त्यावर पांढऱ्या ऑइलपेंटनं गुणवंतांची नावं लिहिलेली. सगळ्यात खाली माझं नाव आणि पुढे 'दंतवैद्यक, रशिया, प्रथम श्रेणी'. सरांनी मला हाताला धरून नेऊन तो दाखवला. मी म्हणालो, "अक्षर छान आहे, सर."

घरी बाबांनी याहून मोठं काम करून ठेवलं होतं. हिंगणघाटला एक जुनं सलून बंद झालं होतं, तिथली मान टेकवायची खुर्ची त्यांनी बैलबंडीतून आणली होती. ती बाहेरच्या खोलीत, उजेड पडेल अशी, खिडकीकडे तोंड करून ठेवलेली. "मान मांगं पडते, पाह्य," बाबा म्हणाले, आणि स्वतः बसून, आ करून दाखवलं. "दात पाहाले असीच लागते ना?"

"अशीच लागते," मी म्हणालो. खरं तर ती वाईट नव्हती.

पण तिच्यावर कोणाला बसवायचा मला अधिकार नव्हता. माझी पदवी इथं तशीच चालत नव्हती. नोंदणीसाठी अर्ज केला तेव्हा उत्तर आलं की इथल्या कॉलेजात शेवटची दोन वर्षं पुन्हा करा, परीक्षा द्या, मग बघू. म्हणजे मला, सहा वर्षं परदेशात राहून आलेल्याला, पुन्हा विद्यार्थी म्हणून अर्ज करायचा होता. गाव रोज विचारायचं. दाढेला लवंग धरून माणसं यायची. बाबा त्यांना सांगायचे, "रशियाचं सामान याचं हाय. जहाजानं येऊन राह्यलं." हे जहाज त्यांनी कुठून काढलं ते मला माहीत नाही. पण मी तेही दुरुस्त केलं नाही. खुर्चीवर आईनं जुनी चादर घातली होती, धूळ बसू नये म्हणून.

नागपूरच्या कॉलेजचा फॉर्म आला. त्यात गुणांचा रकाना होता, 'शेकडा गुण', आणि त्याच्या शेजारी कंसात छापलेलं: 'किमान पन्नास'. तेवढं वाचून मी फॉर्म मिटला. पुढे काय लिहिलंय ते वाचायचा मला धीर झाला नाही.

सोबत गुणपत्रिकेची ट्रू कॉपी जोडायची होती. तेव्हा आमच्याकडे झेरॉक्स नव्हतं. हिंगणघाटच्या तहसील कचेरीसमोर कडुनिंबाखाली टायपिस्ट बसत, ते मूळ कागद बघून नक्कल टाइप करत, आणि मग अधिकार असलेल्या साहेबांनी मूळ आणि नक्कल ताडून, 'मूळ प्रतीवरून तपासली' असं लिहून सही-शिक्का करायचा. माझ्या गुणपत्रिकेचं इंग्रजी भाषांतर वकिलातीनं करून दिलेलं होतं. टायपिस्टनं ते चष्म्याजवळ धरलं आणि मोठ्यानं वाचत टाइप करायला लागला. मोठ्यानं वाचल्याशिवाय त्याचा हात चालत नसे.

"सॅटिसफॅक्टरी. सॅटिसफॅक्टरी. सॅटिसफॅक्टरी." मग थांबून त्यानं माझ्याकडे पाहिलं. "भल्लं समाधान हाय बाप्पा रशियात!"

बाकावर बसलेले दोघे हसले. मीही हसलो.

गुणांच्या खाली बारीक अक्षरांत दोन ओळी होत्या. त्यांत ती सगळी मोजपट्टी दिलेली होती: पाच काय, चार काय, आणि तीन म्हणजे उत्तीर्ण होण्याची शेवटची पायरी.

"हे खालचं बारीक घेऊ का?" त्यानं विचारलं.

"नको. ते छापील आहे. सगळ्यांच्याच कागदावर असतं."

"छापील असलं तरी ट्रू कॉपीत जसंच्या तसं लागते, डाक्टरसाहेब. नाई त सही करनारा इचारते."

"सही आमच्या सरांची आहे. वडनेरच्या."

"मंग काय!" तो म्हणाला आणि कागद मशीनमधून ओढून काढला.

फॉर्म त्यानंच भरून दिला. टक्क्यांचा रकाना राहू द्या, असं मी म्हटलं तेव्हा म्हणाला, "रिकामा नोका सोडू, फार्म वापस येते. पाचात तीन म्हंजे साठ ना? माह्या पोरालेबी येते हे." मग साठ त्यानंच टाइप केले. मी फक्त खाली सही केली.

सर ट्रू कॉपीच्या बाबतीत तालुक्यात प्रसिद्ध होते. मूळ कागद डावीकडे, नक्कल उजवीकडे, दोन्हींवर लाकडी पट्ट्या, आणि एकेक ओळ पट्टी सरकवत वाचायचे. आडनावातली एक वेलांटी चुकली म्हणून त्यांनी एका बड्या घरच्या मुलाला परत हिंगणघाटला पाठवलेलं मी पाहिलं होतं. लोक म्हणायचे, सरांकडे सही घेण्यापेक्षा नवी परीक्षा दिलेली बरी. त्या दुपारी मी गेलो तेव्हा पट्ट्या टेबलावरच होत्या. मी दोन्ही कागद पुढे ठेवले.  त्यांनी ओळ धरली असती तर सगळं तिथंच संपलं असतं, आणि एका परीनं ते मला हवंही होतं.

सरांनी निळ्या पुठ्ठ्याची, भाषांतर आत जोडलेली मूळ प्रत उचलली. तिच्यावरच्या उठावाच्या मोहोरेवरून अंगठा फिरवला. आणि न उघडता माझ्या हातात परत दिली.

"तुझे कागद मी तपासू?" ते म्हणाले. "मग तपासायला शिकवलं कोणाला?"

त्यांनी लिहिलं, 'मूळ प्रतीवरून तपासली', सही केली आणि शिक्का मारला. शिक्का नीट उमटला नाही म्हणून पुन्हा मारला. मग म्हणाले, "बाबांनी खुर्ची आणली म्हणे. पहिला दात माझा."

पंधरा दिवसांनी नागपूरला मुलाखत झाली. टेबलापलीकडे तिघं होते.  मधे बसलेल्या मॅडम बोलत होत्या, पन्नाशीच्या, आवाज हळू. त्यांनी माझा फॉर्म पाहिला.

"हे साठ कुठून आले?"

"पाचापैकी तीन, मॅडम."

"भागाकार बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "मूळ प्रत द्या."

मी दिली. त्यांनी ती उघडून सरळ शेवटच्या दोन ओळींवर बोट ठेवलं. रशियातून आलेले कागद त्यांनी आधी पाहिलेले असणार. मग नक्कल शेजारी ओढली.

"ही टीप इकडं नाही."

"टायपिस्टकडून राहिली असेल."

"आणि ज्यांनी सही केली? त्यांच्या लक्षात आलं नाही?"

इथं मी खरं बोलू शकलो असतो. वेळही होता. पंखा फिरत होता, मॅडम वाट बघत होत्या, घाई कसलीच नव्हती. मी म्हणालो, "त्यांनी बहुतेक पाहिलं नसेल."

"न पाहता 'तपासली' लिहिलं?"

"हो, मॅडम."

"कोण आहेत हे?"

"आमच्या गावचे मुख्याध्यापक."

"म्हणजे तुमचे शिक्षक?"

मी मान हलवली.

त्यांनी आठ दिवस दिले. पूर्ण नक्कल हवी, त्याच अधिकाऱ्यांच्या सहीची, आणि सोबत आधीच्या सहीबद्दल त्यांचा लेखी खुलासा. "नाहीतर मला त्यांच्या खात्याला कळवावं लागेल," असं त्या म्हणाल्या. धमकी म्हणून नाही. त्यांना ते करावं लागणार होतं.

परतताना मी हिंगणघाटलाच उतरलो आणि पुढच्या दोन गाड्या सोडल्या. घरी पोचलो तेव्हा बाबा खुर्चीच्या लोखंडी पायांना तेल लावत होते. "काय म्हनलं त्याईनं?"

"एक कागद कमी पडला."

"एकच ना? मंग!" ते म्हणाले.

रविवारी सकाळी मी सरांच्या घरी गेलो. काकूंनी चहा आणला. नवी नक्कल मी आदल्या दिवशी टाइप करून आणली होती, खालच्या दोन ओळींसह. मी म्हणालो, "सर, आधीच्या कॉपीत दोन ओळी राहिल्या होत्या. त्यांना पुन्हा सही हवी आहे आणि एक खुलासा."

"राहिल्या?" सर उठले, आतून पट्ट्या घेऊन आले. मूळ प्रत डावीकडे, नक्कल उजवीकडे. माझे गुण त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा वाचले. एकेका विषयावर पट्टी थांबायची. काही नावं ते मला विचारत होते, हे काय असतं, ते काय असतं, आणि मी सांगत होतो. सहा वर्षांत मला कोणी हे विचारलं नव्हतं. पट्टी शेवटच्या दोन ओळींवर आली आणि तिथंच राहिली.

"म्हणजे तीन म्हणजे..."

"काठावर, सर."

"सगळ्यांत?"

"दोन विषयांत चार आहेत."

"कोणते?"

"दात काढणं. आणि कृत्रिम दात बसवणं."

"हाताची कामं," ते म्हणाले. मग पट्टी न हलवता, "हे तुला पहिल्या पत्रापासून माहीत होतं?"

"हो, सर."

आता ते विचारतील, ओळी राहिल्या की गाळल्या, असं मला वाटलं. त्यांनी विचारलं नाही. मला वाटतं, त्यांना कळलं होतं आणि मला पुन्हा खोटं बोलायला लागू नये म्हणून त्यांनी विचारलं नाही. ते पट्टीकडेच बघत होते.

"मी गणिताचा मास्तर," ते म्हणाले. "पाच कशाचे, हे न विचारता भागाकार केला. पोट्ट्यांना या चुकीसाठी मी बाकावर उभं केलंय."

मग त्यांनी कागद घेतला आणि खुलासा लिहिला. अक्षर मला उलट्या बाजूनंही वाचता येत होतं. 'सदर उमेदवाराचा यात कोणताही दोष नाही. नक्कल ताडून न पाहता मी सही केली. नजरचूक सर्वस्वी माझी आहे.' जूनमध्ये ते निवृत्त होणार होते. एवढ्या वर्षांच्या नोकरीत त्यांनी असं वाक्य स्वतःबद्दल लिहिलं नसेल.

सर, असं लिहू नका, हे माझ्या तोंडापर्यंत आलं. उत्तर डोक्यात होतं, शब्दही होते आणि यावेळी भाषाही माझीच होती. मी चहा प्यायलो.

दुसऱ्या दिवशी नागपूरला जाताना तो लिफाफा मी सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवला होता. चिकटवलेला नव्हता. वाटेत तीनदा काढून वाचला. जांबपर्यंत माझं ठरलं की द्यायचा. बुटीबोरीपर्यंत ठरलं की द्यायचा नाही, खरं सांगायचं. कॉलेजात पोचलो तर मॅडमच्या खोलीबाहेरच्या खिडकीतल्या कारकुनानं हात पुढे केला. "कागद आधी इथं." मी लिफाफा दिला. त्यानं पत्र काढलं, रजिस्टरात नोंद केली, आवकचा ठप्पा मारला आणि आत पाठवलं. या सगळ्याला एक मिनिटही लागलं नसेल.

मॅडमनी ते पत्र दोनदा वाचलं. मग माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "चांगले शिक्षक मिळाले तुम्हाला."

त्या रागावल्या असत्या तर मी गप्प राहिलो असतो, असं मला आजही वाटतं.

"मॅडम, ते खरं नाही," मी म्हणालो. "ओळी राहिल्या नाहीत. मी टायपिस्टला घेऊ नका म्हटलं. सरांनी पाहिलं नाही, कारण कागद माझे होते. आणि मागच्या वेळी मी ते त्यांच्यावर ढकललं तेसुद्धा..." 

"लिहून द्या," त्या म्हणाल्या.

मी तिथंच बसून लिहून दिलं. मग विचारलं, "सरांचं पत्र परत मिळेल का?"

"त्याची आवक झाली आहे. ते आता ऑफिसचं झालं."

त्यांनी माझा फॉर्म उघडला, उलटा केला आणि माझ्यासमोर धरला. "मागचं पान वाचलं होतं का?"

मागच्या पानावर छापलेलं होतं की परदेशी पदवी असलेल्या ज्या उमेदवारांचे गुण पन्नासहून कमी आहेत, त्यांना प्रवेशापूर्वी चाचणी परीक्षा देता येईल. एवढंच. लपवण्यासारखं तिथं काही मागितलेलंच नव्हतं. मी ती ओळ वाचली आणि फॉर्मच्या कडेकडे बघत राहिलो.

"यंदा नाही," मॅडम म्हणाल्या. "खोटी नक्कल आलेल्या अर्जावर मी काही करणार नाही. पुढच्या वर्षी चाचणीला बसा. तोवर इथं बाह्यरुग्ण विभागात येऊन उभे राहा, बघा, शिका. येणार?"

"येईन," मी म्हणालो.

बाबांना त्याच संध्याकाळी सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. "मंग साठ नाई?"

"नाही, बाबा."

"किती मंग?"

"कॉलेजवाले चाळीस धरतात."

 "पास त हायस ना?"

"पास आहे."

"मले त चौथीत छत्तीस होते," बाबा म्हणाले आणि जेवायला उठले. पण दुसऱ्या दिवशी कोणी दाढ धरून आलं तेव्हा त्यांनी जहाजाचं नाव काढलं नाही. "अजून एक परीक्षा हाय त्याची," असं म्हणाले. माझ्याकडे न बघता म्हणाले.

सर मात्र चिडले. सरांना चिडलेलं मी शाळेनंतर तेव्हाच पाहिलं. "मी दिलेलं पत्र वाया घालवलंस? वर्ष वाचवायला लिहिलं होतं ना मी?"

"खोटं होतं, सर."

"मग मी लिहीत होतो तेव्हा काय दातखीळ बसली होती तुझी?"

मी चपला घातल्या आणि घरी आलो. 

सरांचं पत्र कॉलेजातून नियमानं शिक्षण खात्याकडे गेलं होतं; दोन महिन्यांनी शाळेत सरांच्या नावानं खात्याची ताकीद आली. मूळ कागद न पाहता साक्षांकन केल्याबद्दल. शाळेच्या मामांनी, म्हणजे शिपायांनी, मला बसस्टँडवर गाठून ते सांगितलं. मी धावत सरांकडे गेलो, म्हणालो, मी शिक्षण खात्याला पत्र लिहितो, सगळं सांगतो.

"काय सांगशील?" सर म्हणाले. "की मी पाहिलं नव्हतं? ते खरंच आहे. की दोष तुझा होता? मग मी लेखी दिलंय की तुझा नव्हता. म्हणजे मी निष्काळजी होतोच, वर खोटारडाही झालो." त्यांनी पट्टी उचलून पुन्हा खाली ठेवली. "आता काही लिहू नकोस."

माझ्या खऱ्या बोलण्यानं त्यांचं पत्र खोटं पडलं होतं, आणि माझ्या खोट्यानं त्यांची सही. यातून मी त्यांना कसा सोडवू शकलो असतो हे मी नंतर पुष्कळ वेळा मांडून पाहिलं. एकच जागा सापडते. चहाच्या कपापाशी.

पुढचं थोडक्यात सांगतो. वर्षभर मी नागपूरच्या बाह्यरुग्ण विभागात भिंतीपाशी उभा राहिलो, चाचणी पास झालो, आणि माझ्याहून सात वर्षांनी लहान मुलांबरोबर शेवटची दोन वर्षं केली. ती मला 'काका' म्हणत. गुण फार नव्हते, पण होते तेवढेच घरी सांगितले. सलूनच्या त्या खुर्चीवर पहिला बसला तो सरच. एव्हाना त्यांचा दुखणारा दात आपोआप पडला होता, म्हणून त्याच्या शेजारचा दाखवला. आज मी जो कोणी आहे तो त्यांच्या आणि बाबांच्या उपकारांवर आहे. हे मी भाषणात म्हणतो तेव्हा लोक टाळ्या वाजवतात. ताकिदीचं मी कधी सांगितलं नाही.

पण सांगायचं होतं ते फलकाचं.

त्याच वर्षी जूनमध्ये, सरांच्या निवृत्तीच्या आधीच्या आठवड्यात, मी शाळेत गेलो आणि म्हणालो, "सर, फलकावरचं 'प्रथम श्रेणी' पुसून टाका. तुमच्यानंतर येणाऱ्यांना ते खरं वाटेल."

"हिशेब माझा होता," सर म्हणाले. "पण पाटी तुझी आहे. तू पूस."

त्यांनी मामांना टर्पेंटाइनची बाटली आणि फडकं आणायला सांगितलं आणि आपण वर्गावर निघून गेले. स्टूल लंगडं होतं. मामांनी ते एका बाजूनं पायानं दाबून धरलं. मामा मला पाचवीपासून ओळखत होते. शाळेच्या टाकीचं पाणी मी त्यांच्याच हातून प्यायलो होतो. पेंट जुना झाला होता, सहज निघेना. आधी पांढरं पसरलं आणि सगळी ओळच धुरकट दिसायला लागली. व्हरांड्यातून जाणारी पोरं थांबून बघत होती.

"कायले पुसून राह्यला बे ते?" मामांनी खालून विचारलं. "चांगलं त लिहेल हाय."

"चुकलं होतं, मामा."

"कोनाचं? पेंटरचं?"

"नाही."

"मंग सराचं?" मामांनी आवाज खाली आणला. ताकीद त्यांनीच टपालातून आणून टेबलावर ठेवली होती. "सराचं चुकत नाई पाह्य, पन त्या टायमाले चुकलं म्हनतेत. लोक बोलून राह्यले."

माझा हात थांबला. व्हरांड्यात पोरं उभी होती, सातवी-आठवीतली. सरांचा आवाज पलीकडच्या वर्गातून येत होता, अपूर्णांक चालले होते.

"सरांचं नाही," मी म्हणालो, पोरांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. "माझं चुकलं. सरांना मी फसवलं."

मामांनी वर पाहिलं. स्टुलावरचा पाय तेवढा आणखी घट्ट दाबला. मी फडकं पुन्हा भिजवलं आणि 'श्रेणी'च्या श्रपासून घासायला लागलो.